तंबूपुढचा सडा

१

शालिकराम मिस्त्रीला सुट्टी घेता येत नसे. म्हणजे देणारा देत असे, पण ती घ्यायची कशी हे या गृहस्थाला कळत नसे. तुमसरच्या राईस मिलमध्ये तो मशीन दुरुस्त करायचा आणि त्याचं जगाविषयीचं मत एवढंच होतं की आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं आहे. ते सापडेपर्यंत त्याला जेवण जायचं नाही. शेजाऱ्याचं दार करकरलं तरी हा तेलाची कुपी घेऊन हजर. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात मिलचं मोठं चाक मोडलं, नवं नागपूरहून यायला अवकाश होता, आणि मालकानं त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं, तेव्हा कुठं तो बायकोला घेऊन भिलाईचा मेळा पाहायला निघाला.

मेळ्याची कीर्ती मोठी होती. एकीकडं खरा कारखाना उभा राहत होता, भट्टीतला वितळलेला मळ ओतला की संध्याकाळी अर्धं आभाळ लाल व्हायचं. आणि दुसरीकडं मैदानात आकाशपाळणा होता, मौत का कुआँ होता, आणि पत्र्याचा एक खोटा कारखाना बांधला होता. त्याच्या पोटातून पोराटोरांना घेऊन छोटी आगगाडी फिरायची. शालिकरामचा चुलतभाऊ फकिरा खऱ्या कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड यंत्रं दोरांनी उचलून बसवणारा, होता. त्यानं मेळ्याचं असं काही वर्णन केलं होतं की कौशल्या, म्हणजे शालिकरामची बायको, आठवडाभर आधीपासून बोचकं बांधून बसली होती.

फकिराच्या क्वार्टरमध्ये एकाला एक चिकटून चौघंजण झोपायचे, तेव्हा त्यानं दुर्ग स्टेशनसमोरच्या एका लॉजमध्ये खोली सांगून ठेवली होती. खोली पाहिली आणि कौशल्या दारातच थांबली. खिडकी होती, पण ती पलीकडच्या खोलीत उघडत होती. त्या खोलीतला माणूस खोकला तर तो आपल्याच मानेवर खोकल्यासारखा वाटे. गादीवरचे ढेकूण तर दिवसाढवळ्या फिरत होते.

"मी इथं नाई झोपत," कौशल्या म्हणाली. "घरी भिंतीआडून जावा आयकतेत, इथं हा खोकलनारा आयकन. मंग आलो कावून?"

फकिरानं डोकं खाजवलं. "तंबू आहेत, वहिनी. कारखान्याच्या अलीकडच्या मैदानात. पयले लेबर राहत होते, आता क्वार्टरात गेले. मेळ्याचे लोक उतरतेत तिथं. पन तिथं ना भिंत, ना दार."

"चूल मांडता येते का?"

"येते न."

"मंग तेच पाह्यजे मले."

यात काय होतं ते शालिकरामला कळलं आणि त्यानं खाली पाहिलं. तुमसरच्या घरात सासू, दोन जावा आणि चूल एकच. कौशल्येच्या वाट्याला भाजी चिरणं आणि भांडी घासणं यायचं. चुलीपुढचा पाट तिला कधी मिळालाच नाही. मूलबाळ अजून नव्हतं, म्हणून तर बोलायचीही चोरी. लग्न झाल्यापासून ती वेगळी चूल मागत होती आणि शालिकराम "पाहू" म्हणत होता. त्याचा तिच्यावर जीव होता, त्यात शंका नाही. पण आईपुढं त्याची बोबडी वळायची. तुमसरमधलं कुठलंही मशीन तो खोलू शकायचा, स्वतःचं तोंड सोडून.

२

तंबू चांगला ऐसपैस होता. जाड मेणकापडाचा, मध्ये बांबू, चारी बाजूंना दोर आणि खुंट्या. पुढच्या कनातीची, म्हणजे कापडी भिंतीची, एक बाजू मोकळी होती, तीच दार. कौशल्येनं पुढं तीन विटा मांडून चूल केली, आत झाडून घेतलं, आणि रात्री दोघंही गाढ झोपली.

सकाळी रुक्मा नावाची एक म्हातारी दूध घेऊन आली. आसपासच्या तंबूंना तीच दूध घालायची. कौशल्येनं तिच्याकडं शेणही मागितलं. म्हातारीनं चुलीसाठी गोवऱ्या देऊ केल्या, तर ही म्हणाली, गोवऱ्या नकोत, ओलं शेण पाहिजे, सड्याला. आमच्याकडं दारात सडा नसला की येणारेजाणारे समजतात, घरात कोणी गेलं.

म्हातारीचा हात थबकला. "झन लीपबे बाई," ती म्हणाली. "इहां झन लीपबे."

इथं लिपू नकोस. कावून, असं कौशल्येनं विचारलं तेव्हा तिनं आपल्या छत्तीसगढीत जे सांगितलं ते एवढंच : या मैदानात पूर्वी तिचं गाव होतं. तंबू आहे तिथंही कोणाचं तरी घर होतं. कारखान्यासाठी गाव उठलं तेव्हा निघायच्या आठ दिवस आधीच बायांनी लिपणं बंद केलं, दारात पाणीसुद्धा शिंपडलं नाही. "घर ला घलो तो पता चलना चाही," ती म्हणाली, आणि शेण देऊन निघून गेली.

"घराले कळाले पाह्यजे म्हने, मानसं चालली म्हनून!" कौशल्या हसली. तिला म्हातारीची दयाही आली. मग पदर खोचून तिनं मनापासून सडा घातला, वर ठिपक्यांची रांगोळी काढली, आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना हळदकुंकू लावलं. इतकं छान दार तिनं आजवर कोणाच्याही परवानगीशिवाय सजवलं नव्हतं.

शालिकराम दात घासून आला. रांगोळी चुकवून त्यानं कनात बाजूला सारली, आणि ती करकरली.

लाकडी दार करकरतं तशी. सागाचं जड कवाड, खाली दगडातल्या खोबणीत फिरणारं, पावसाळ्यात फुगलेलं. शालिकरामनं कनात सोडली, पुन्हा सारली. पुन्हा तोच आवाज. कापडाला बिजागरी नसते हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याला भीती वगैरे काही वाटली नाही. उलट चेहरा खुलला. दोन दिवस हाताला काम नव्हतं, आता मिळालं. त्यानं दोर पाहिले, बांबू पाहिला, बांबूच्या टोकाची लोखंडी कडी पाहिली. कडीवर दोर घासतोय, दुसरं काय! पिशवीतून तेलाची कुपी काढून त्यानं कडीला तेल दिलं. करकर थांबली.

"पाह्यलं?" तो म्हणाला.

"पाह्यलं. आता चहा घ्या," कौशल्या म्हणाली. चुलीपुढं बसलेल्या तिच्याकडं पाहून त्याला वाटलं, हिला इतकं खूश आपण कधी पाहिलंच नव्हतं.

३

पहिला दिवस मेळ्यात गेला. खोट्या कारखान्याची आगगाडी, मोटारसायकलवाला, जिलबी, सगळं झालं. आकाशपाळण्याला मात्र रांग फार होती, तो राहिला.

दुसऱ्या दिवशी सडारांगोळी करून कौशल्या म्हणाली, "तुमी जाऊन या. मले काम आहे."

"तंबूत कायचं काम?"

"घर म्हटलं की काम असतेच न."

तो एकटाच गेला, खऱ्या कारखान्याच्या फाटकापर्यंत भटकून आला, आणि दुपारी परतला तर आतली सगळी जमीन लिपलेली. कडेला बोटांनी काढलेली एकसारखी नक्षी. छान केलं म्हणून तो टेकला, इतक्यात करकर वाजली. या वेळी मागून. मागच्या कनातीला तर मोकळी बाजूच नव्हती, ती चारी खुंट्यांना गच्च ताणलेली होती.

"मागच्या खोलीचं कवाड आहे," कौशल्या भाकरी थापताथापता म्हणाली. "वाऱ्यानं हालून राहिलं."

"कोनती मागची खोली?"

तिनं वर पाहिलं. मग ती हसली. "अव्वा, काय बोलली मी! सवयीनं निंगालं."

सवय कशाची? तुमसरलाही त्यांना मागची खोली नव्हती. शालिकरामच्या मनात पाल चुकचुकली, पण त्याहून त्याचं कुतूहल मोठं. तो उठला आणि मागच्या कनातीला हात लावून पाहिला. कापड गार होतं. बाहेर दुपारचं ऊन चढलेलं असताना गार. त्यानं जरा दाबलं, तर ते दबेना. बोटांना मातीच्या भिंतीचा खरखरीतपणा लागला, मध्येमध्ये गवताची काडीही.

तो बाहेर गेला, तंबूला वळसा घालून मागं आला आणि त्याच जागी थाप मारली. कनात फडफडली. उन्हानं तापलेलं साधं मेणकापड. पलीकडं मोकळं मैदान, दोनचार बाभळी, लांब धुरांडी. पुन्हा आत, पुन्हा भिंत. पुन्हा बाहेर, पुन्हा कापड. शेजारच्या तंबूतल्या बाईनं नवऱ्याला खूण केली की हा माणूस उन्हानं बिघडला.

त्यानं कारणं शोधली. आतून लिपल्यावर ओल चढली असेल; ओलं कापड कडक होतं; रात्रीचा गारठा त्यात धरून राहत असेल. प्रत्येक कारण बरं होतं. सगळी मिळून मात्र एकसुद्धा पटेना. आणि खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. असं मशीन त्याला आजवर भेटलं नव्हतं. दिवस कलेपर्यंत तो त्या भिंतीला कान लावून बसला. पलीकडं कोणीतरी सावकाश झाडत होतं, कोपऱ्यापासून दारापर्यंत, पुन्हा कोपऱ्यापासून.

कौशल्या त्याच्या समोर बसून तांदूळ निवडत होती.

४

संध्याकाळी फकिरा जेवायला आला. पाळी संपवून थेट आला होता, हाताला काळं वंगण. गप्पा चालल्या, कारखान्यातले रशियन साहेब हिंदीत शिव्या कसे शिकले त्याची नक्कल करून त्यानं वहिनीला पोट धरून हसवलं. जेवण वाढलं तसा तो उठला, मागं गेला, आणि हात झटकत येऊन पाटावर बसला.

शालिकराम कंदिलाची वात सारखी करत होता. त्यानं फकिराच्या हातांकडं पाहिलं. स्वच्छ, ओले. मनगटावरून पाणी ठिबकत होतं.

"हात कुठं धुतले रे?"

"मोरीत. वहिनीनं घंगाळ भरून ठेवलं न." फकिरानं घास मोडला. "पानी मस्त गार आहे, दादा. विहिरीचं काय?"

पाण्याचा घडा बाहेर, चुलीशेजारी होता. मागं चार पावलांवर कनात होती आणि तिथं काहीही नव्हतं. शालिकरामनं नुसतं त्या बाजूला बोट केलं. फकिरानं वळून पाहिलं. घास हातातच राहिला. तो उठला, कनातीपर्यंत गेला, दोन्ही तळवे तिच्यावर टेकले, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पायरी होती," तो हळूच म्हणाला. "उतरताना मी वाकलो, दादा. वर आडं होतं, डोक्याले लागू नाई म्हनून."

"कोनी होतं का तिथं?"

फकिरानं कौशल्येकडं पाहिलं. ती बाहेर चुलीपाशी भाकरी शेकत होती, गुणगुणत. "वहिनी होती न," तो म्हणाला. "तिनंच तं पानी ओतलं हातावर."

कौशल्या जागची हललीसुद्धा नव्हती. शालिकरामची आतापर्यंतची मजा एका क्षणात उतरली. इतका वेळ तो भिंत तपासत बसला होता, आणि भिंतीपलीकडं कोण झाडतंय हे विचारायचंच राहिलं होतं.

"उद्याच्या गाडीनं जा," जेवण टाकून निघताना फकिरा म्हणाला. "मेळा गेला खड्ड्यात."

५

कौशल्या भांडेल असं त्याला वाटलं होतं. पण ती लगेच तयार झाली, तेही हसतमुखानं. "चला न. तुमी म्हनाल तसं." सकाळी तिनं सडा घातला, दुपारी बोचकं बांधलं, आणि शालिकरामनं तंबूकडं वळूनही न पाहता तिला बाहेर काढलं. गाडीला वेळ होता. आकाशपाळणा राहिलाय, तो तरी दाखवा, असं तीच म्हणाली. लोकांची गर्दी, बँडबाजा, ऊन, या सगळ्यात त्याचा जीव जरा भांड्यात पडला.

पाळण्यात ती त्याला चिकटून बसली. वर जाताना त्याचा दंड धरून डोळे मिटून घेतले. त्याला हसू आलं. पाळणा टोकाला पोचला आणि सगळी भिलाई पायाखाली पसरली : धुरांडी, क्वार्टरांच्या रांगा, कुम्हारीकडं जाणारी सडक, आणि अलीकडं तंबूंचं मैदान. आपला तंबू कुठला म्हणून त्यानं सहज पाहिलं.

रांगेत सगळे तंबू होते. आपल्या जागी मात्र कौलारू छप्पर होतं. मातीच्या भिंती, मागं एक खोली, अंगणात विहीर. धूर कौलांतून वर येत होता. अंगणात एक बाई वाकून सडा घालत होती, लुगडं पोटऱ्यांवर खोचून. हात मारायची ती लकब तो हजार बायांत ओळखला असता. ती सरळ झाली, शेणाचा हात कपाळाशी धरून वर पाहू लागली. थेट पाळण्याकडं.

पाळणा खाली गेला. शेजारी कौशल्या होती. तिचा हात त्याच्या दंडावर होता, मऊ, कोरडा. आज सकाळी हिनं सडा घातला आणि हाताला शेणाचा वासही नाही, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. चुलीचा धूर नाही, हळद नाही, कसलाच वास नाही.

"काय पाहून राहिले?" तिनं विचारलं.

पुन्हा वर. तेच घर. अंगणातली आता हात हलवत होती, जेवायला बोलावतात तसा. पुन्हा खाली.

पाळणा थांबला तसा तो उडी टाकून पळत सुटला. मागून कौशल्या हाका मारत होती, पण त्याला थांबायचं सुचेना. आपली बायको मागं राहिली, एवढं एकच डोक्यात होतं.

तंबू तंबूच होता. चूल मात्र पेटलेली, तिच्यावर पातेलं. त्यानं कनात सारली आणि आत पाऊल टाकलं. मागून, भिंतीपलीकडून, गुणगुणणं ऐकू येत होतं.

"कौशल्या?"

"आली न," ती म्हणाली. आवाज अगदी आनंदी होता. "बसा. आज भात टाकला. कोनाले विचारा लागलं नाई, काय रांधू अन् किती रांधू. तुमी बसा, हात धुवून आलीच."

त्यानं कनातीवर हात ठेवला. गार माती. एका कोपऱ्यात बोटभर फट होती, तिथून उजेड येत होता. वाकलं असतं तर दिसलं असतं. आयुष्यात सापडेल ती वस्तू खोलून पाहणाऱ्या या माणसाला त्या दिवशी मात्र वाकवेना. कारण पलीकडं तीच दिसली असती, तर मग परत कोणाला नेणार होता तो? आणि तिला बाहेर बोलावून कुठं नेणार होता? भाजी चिरायला?

"अहो!" बाहेरून धापा टाकत कौशल्येनं हाक मारली. "असे कावून पळाले? गाडी जाईन न!"

ती सड्याच्या पलीकडं उभी होती, बोचकं काखेत, चपला हातात. उन्हानं लाल झालेली, घाबरलेली. तिच्याकडं पाहून त्याला दया आली. तो बाहेर आला, तिचा हात धरला आणि चालू लागला. मागं कोणीतरी ताटं मांडत होतं.

६

तुमसरला सगळे खूश झाले. हवापालटानं सूनबाईचा स्वभाव किती बदलला, असं सासू दारोदार सांगू लागली. सांगाल ते काम, वाढाल तेवढं जेवण, उलटून शब्द नाही. जावांनी टोमणे मारून पाहिले, पण लागेचनात तेव्हा त्यांनीही नाद सोडला. वेगळ्या चुलीचं नाव कौशल्येनं पुन्हा काढलं नाही.

ते शालिकरामला सहन होईना. रात्री तो तिच्याकडं पाहत पडायचा. तीच होती, गालावरचा तीळसुद्धा तोच. बोलायची, हसायची, तो म्हणेल तसं करायची. तिला काय हवं, एवढं विचारलं की मात्र मागं वळून पाहायची, प्रश्न दुसऱ्या कोणाला असावा तशी.

उन्हाळ्यात त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. आईपुढं उभा राहिला आणि तोंड उघडलं. मोठं रणकंदन झालं, आईनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, भाऊ बोलेनासे झाले. पण परसात त्यानं स्वतःच्या हातांनी खोली उभी केली. भिंती घातल्या, सागाचं दार बसवलं, कोपऱ्यात चूल मांडली आणि तिच्यापुढं नवा पाट ठेवला. मग कौशल्येला हात धरून आणलं. "पाह्य," तो म्हणाला. "तुयं आहे हे. फक्त तुयं."

कौशल्येनं खोली पाहिली, चूल पाहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. मग परक्याच्या दारात थांबतात तशी ती उंबऱ्याबाहेर थांबली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"बाई घरी नाई वाटते. त्यायले विचारल्याबिगर मी आत कशी येऊ?"